अलेन्तेजो (पोर्तुगाल) : रांजणातली वाइन, शिळा पाव आणि कोथिंबीर

धागाकर्ती : पूर्वाई

पोर्तुगालला जाणारे आपल्याकडील बहुतेक प्रवासी लिस्बन, सिंत्रा आणि पोर्तो पाहून परततात, आणि वाइनची आवड असलेले फार तर दोउरू नदीचे खोरे त्यात घालतात. तेजो नदीच्या दक्षिणेला पसरलेला आणि देशाचे जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्र व्यापणारा अलेन्तेजो हा प्रांत मात्र आल्गार्व्हच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाताना खिडकीतून दिसण्यापुरताच उरतो. या प्रांतातील विदिगेइरा, कुबा, व्हिला दे फ्रादेश अशा लहान गावांत मातीच्या रांजणांत वाइन करण्याची रोमन काळापासूनची रीत अजून टिकून आहे. तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा धागा काढत आहे. माझे आग्रहाचे म्हणणे असे की, अलेन्तेजोची वाइन जेवणापासून वेगळी काढून चाखली तर ती अर्धीच कळते. म्हणून तिथे चवी घेत हिंडण्याऐवजी एका गावात मुक्काम करून जेवायला बसावे.

या रांजणाला तिकडे ताल्या म्हणतात. काही ताल्या माणसाच्या उंचीच्या असतात आणि त्यांत हजार लिटरहून अधिक रस मावतो. भाजलेली माती सच्छिद्र असल्यामुळे रांजण आतून पाइनच्या राळेने माखून घेतात. राळेत मेण किंवा ऑलिव्हचे तेल मिसळण्याच्या रीती गावागणिक, घरागणिक वेगळ्या आहेत. हे लेपन जाणणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत, आणि मोठे रांजण घडवणारे तर त्याहून कमी, त्यामुळे वापरातील अनेक ताल्या जुन्या आहेत आणि काहींवर घडवणाऱ्याची खूण व वर्ष कोरलेले दिसते.

ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत द्राक्षे उतरली की ती चेचून, साली, बिया आणि काही देठांसकट रांजणात भरतात. आंबण्याची क्रिया द्राक्षांवरच्या नैसर्गिक यीस्टने सुरू होते. त्या दिवसांत साली फुगून वर येतात आणि त्यांचा घट्ट थर बसतो. तो लाकडी दांड्याने दिवसातून निदान दोनदा खाली दाबावा लागतो, कारण थर तसाच राहिला तर खाली कोंडलेल्या वायूने रांजण फुटू शकतो. उष्णता वाढली की बाहेरून पाणी मारून किंवा ओले फडके गुंडाळून रांजण थंड करतात. आंबणे थांबले की चोथा हळूहळू तळाशी बसतो, आणि वर ऑलिव्हच्या तेलाचा पातळ थर सोडतात, म्हणजे हवा लागत नाही. पुढचा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. रांजणाच्या बुडाजवळ एक भोक असते, त्यात बुचाची तोटी बसवतात, आणि वाइन त्या बसलेल्या चोथ्यातूनच गाळली जात बाहेर येते. सुरुवातीची धार गढूळ असते. ती पुन्हा वर ओततात, आणि निवळ धार लागेपर्यंत हे चालते. यंत्र नाही, गाळणी नाही, पंप नाही.

अधिकृत नियमानुसार या वाइनला ताल्या वाइन हे नाव मिळवायचे असेल तर ती ११ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे संत मार्टिनच्या दिवसापर्यंत, चोथ्यासह रांजणातच राहिली पाहिजे. त्या दिवशी तोट्या उघडतात, चेस्टनट भाजतात आणि नव्या वाइनचा पहिला पेला भरला जातो. म्हणून या भागाचा प्रवास नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याभोवती बेतावा, असे मी सुचवीन. उन्हाळ्यात जाऊ नये. याच भागातील आमारेलेजा या गावी २००३ च्या ऑगस्टमध्ये तापमान ४७ अंश सेल्सिअसच्या वर गेले होते, आणि दुपारी गावेच्या गावे दारे लावून बसतात.

पांढऱ्या द्राक्षांची ताल्या वाइन सालींबरोबर राहिल्यामुळे मधाच्या रंगाची आणि जिभेला किंचित तुरट लागणारी होते. आंतांव वाझ ही विदिगेइराची खास पांढरी जात आहे. लाल वाइनमध्ये त्रिंकादेइरा, आरागोनेझ, मोरेतो या जाती येतात, आणि मूळची फ्रान्समधील, गरसुद्धा लाल असलेली आलिकांते बुशे इथल्या उन्हात इतकी रुजली आहे की आज ती अलेन्तेजोचीच मानली जाते.

आता जेवणाविषयी, कारण खरी ओढ त्याची आहे. अलेन्तेजो हा मोठ्या जमीनदारांचा आणि भूमिहीन मजुरांचा प्रदेश होता. १९२९ पासून सरकारने गव्हाची मोहीम राबवून या प्रांताला देशाचे धान्याचे कोठार बनवण्याचा प्रयत्न केला, आणि गहू पिकवणाऱ्या मजुराच्या ताटात पाव, ऑलिव्हचे तेल, लसूण आणि रानातला पाला एवढेच उरले. तेथील श्रेष्ठ पदार्थ या चार वस्तूंतून निघाले आहेत. असोर्दा म्हणजे लसूण, मीठ आणि भरपूर कोथिंबीर खलबत्त्यात कुटून, त्यावर तेल व उकळते पाणी ओतून, त्यात शिळ्या पावाचे तुकडे टाकायचे आणि वर पाण्यात शिजवलेले अंडे सोडायचे. मिगाश म्हणजे भिजवलेला पाव लसूण-तेलात परतून केलेला गोळा. युरोपात कोथिंबीर इतक्या मोकळ्या हाताने वापरणारा दुसरा प्रदेश मी पाहिलेला नाही, आणि असोर्दाचे भांडे टेबलावर येताच उठणारा वास आपल्या घरातलाच वाटतो. ती तुरट, मधाळ रंगाची वाइन एकटी प्यायली तर काहींना रुचत नाही. पण लसूण आणि तेलाने भरलेल्या या पावाबरोबर तिचा तुरटपणा तोंड स्वच्छ करतो आणि पुढचा घास हवासा वाटतो.

ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांनी भर घालावी, आणि जे जाणार आहेत त्यांनी मोकळेपणाने विचारावे.

कादवाकाठ

पूर्वाई ताई, उत्तम माहिती. आमची नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे वाचताना मनात बागेचेच प्रश्न आले. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या करतो आणि माल जानेवारीपासून उतरू लागतो. अलेन्तेजोत थंडी पडते, पाने गळतात, म्हणजे हिवाळ्यातील एकाच छाटणीवर काम भागत असणार. पण ४७ अंशांचा उन्हाळा आणि पाऊस हिवाळ्यात, अशा ठिकाणी घड भरताना वेलीला पाणी कुठून मिळते? ठिबक आहे की कोरडवाहू?

पूर्वाई

दोन्ही आहे. ताल्या वाइनसाठी ज्या जुन्या बागा नावाजल्या जातात, त्या बहुधा कोरडवाहू आहेत. वेली मांडवाशिवाय, बुटक्या झुडपांसारख्या वाढवलेल्या असतात, अंतर मोठे असते, मुळे खोल जातात आणि उत्पादन कमी येते. एकाच बागेत अनेक जाती मिसळून लावलेल्या असतात, म्हणजे एखाद्या वर्षी एक जात फसली तरी दुसरी रांजण भरते. नव्या, मोठ्या बागांना मात्र ठिबक आहे. २००२ मध्ये ग्वादियाना नदीवरील आल्केवा धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सुमारे २५० चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. त्याच्या कालव्यांनी या प्रांताची शेती पुरती बदलली. आपण बागाईतदार आहात, तेव्हा विदिगेइराच्या डोंगररांगेकडे जरूर पाहावे. ही पूर्व-पश्चिम रांग अटलांटिककडून येणारा दमट, गार वारा विदिगेइराकडेच अडवून ठेवते, म्हणून दक्षिणेकडे असूनही तिथे पांढरी द्राक्षे आपली आंबट धार टिकवून ठेवतात.

तुळशीवृंदावन

आम्ही पती-पत्नी दोघेही साठीच्या पुढचे आहोत. मी अंडी खाते, यजमान तीही खात नाहीत. वाइन दोघेही घेतो. आपल्या वर्णनावरून मोह होतो आहे, पण काळ्या डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रांतात आमचे जेवणाचे हाल होणार नाहीत ना? फक्त पाव आणि सॅलडवर दिवस काढायचे असतील तर इतक्या दूर जाण्यात अर्थ वाटत नाही.

पूर्वाई

काकू, हाल होणार नाहीत, पण विचारपूस नीट करावी लागेल. तेथील खाणावळीत शाकाहारी एवढेच सांगितले तर दिसणारे मांस काढून ठेवले जाते. रस्सा कशाचा आहे आणि परतले कशात आहे, याचा विचार होईलच असे नाही. म्हणून मांस, मासे, डुकराची चरबी आणि मांसाचे किंवा माशाचे पाणी अशा चारही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात. असोर्दासाठी कधी कधी कॉड मासा उकडलेले पाणी वापरतात, टोमॅटोच्या सारात सॉसेज पडते आणि मिगाश डुकराच्या चरबीत परतण्याची पद्धत आहे. तिन्ही पदार्थ नुसत्या तेल-पाण्यात तितकेच चांगले होतात, आणि आधल्या दिवशी सांगितले तर घरगुती खाणावळी आनंदाने करून देतात. आपल्या यजमानांसाठी असोर्दा अंड्याशिवाय मागता येईल.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती शाकाहारी प्रवाशाला युरोपात फार थोड्या ठिकाणी मिळते. तिकडच्या बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव वापरतात. अलेन्तेजोतील सेर्पा, एव्होरा आणि निझा या तिन्ही नामांकित चीजना मात्र कच्चे मेंढीचे दूध आणि एका काटेरी रानझाडाच्या वाळवलेल्या फुलांचे तुरे लागतात. दूध त्या फुलांच्या अर्कानेच फाटते. सेर्पाचे चीज निदान महिनाभर मुरवतात. तरणे असताना ते आतून इतके मऊ असते की वरचा भाग टोपीसारखा कापून चमच्याने खातात, आणि त्याला त्या फुलाचा किंचित कडवटपणा असतो. सेर्पा गावी हे चीज, पाव, ऑलिव्ह आणि ताल्यातील पांढरी वाइन एवढे घेऊन बसलात तर ते पूर्ण जेवण आहे.

गोड पदार्थांत काळजी घ्यावी. ख्रिस्ती मठांतील जोगिणींनी घडवलेली तेथील मिठाई अंड्याच्या बलकाची असते, आणि काही प्रकारांत डुकराची चरबीही पडते.

दर्यावर्दी

मडगावहून लिहीत आहे. मांसाहाराची बाजूही मांडली पाहिजे, कारण गोव्याचा माणूस अलेन्तेजोत जेवायला बसला की त्याला आपल्या स्वयंपाकघराची एक जुनी पायरी दिसते. तिथे डुकराचे मांस पांढरी वाइन, लसूण आणि तांबड्या मिरचीच्या खारवलेल्या वाटणात मुरवतात, आणि मग ते तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांबरोबर शिजवतात. गोव्यात द्राक्षे नव्हती, म्हणून वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या शिर्क्याने घेतली. पुढे त्यात मिरे, लवंग, दालचिनी आणि सुकी मिरची आली आणि पदार्थ पूर्णपणे आमचा झाला. चोरिस या सॉसेजचेही तसेच आहे. त्यांचे ओकच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेले, लसूण आणि पाप्रिकाचे, सौम्य. आमचे आंबट आणि जहाल. काळी डुकरे शरद ऋतूपासून ओकच्या रानात सोडतात आणि ती गळलेली फळे खाऊन माजतात. स्पेनच्या सीमेवरील बारांकोश गावाची सुकवलेली मांडी त्यामुळेच नावाजली आहे.

सेरिकाया ही खीर आणि केक यांच्या मधली, वरून भेगाळलेली, दालचिनी भुरभुरलेली मिठाई एल्व्हाशच्या पाकवलेल्या हिरव्या आलुबुखाऱ्यांबरोबर देतात. १५५८ ते १५६१ या काळात गोव्यात व्हाइसरॉय असलेल्या कोंस्तांतिनो दे ब्रागांसा याने ती पूर्वेकडून नेली, अशी तिकडे आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, मडगावच्या माणसाने ती बिबिंक आठवत खावी.

आणखी एक संबंध पूर्वाई यांनी लिहिला नाही, तो नोंदवतो. ज्या विदिगेइराच्या वाइनची चर्चा चालू आहे, त्याच विदिगेइराची जहागिरी १५१९ मध्ये वास्को द गामाला मिळाली. १५२४ मध्ये तो कोचीला मरण पावला, आणि पुढे त्याचे अवशेष विदिगेइरालाच नेऊन पुरले गेले. लिस्बनमध्ये ते एकोणिसाव्या शतकात हलवले. आम्हा गोवेकरांना त्या गावात फिरताना इतिहास विसरून फक्त पेल्याकडे पाहता येत नाही, आणि पाहूही नये.

लिस्बनवासी

मी कामानिमित्त लिस्बनमध्ये राहतो. व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. लिस्बनहून एव्होराला रेल्वेने साधारण दीड तास लागतो. कुबालाही स्थानक आहे, मात्र त्यासाठी काझा ब्रांका येथे गाडी बदलावी लागते आणि गाड्या थोड्या आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवशीचे वेळापत्रक पाहावे. गावांमधील बससेवा शाळेच्या वेळांना धरून असते. शनिवार-रविवारी तिच्यावर विसंबू नये. मोटार भाड्याने घेतली तर वाइन घेणाऱ्याने चालवू नये. रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि परवाना नवा असेल तर ०.२. त्यापेक्षा ज्या गावात जेवायचे त्याच गावात झोपायचे, हा पूर्वाई यांचा सल्ला या कारणानेही योग्य आहे.

खाणावळीत बसताच पाव, ऑलिव्ह, चीज न मागता समोर येते. ते फुकट नसते. पण न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे मागता येत नाहीत, असा कायदा आहे, त्यामुळे नको असेल तर नम्रपणे परत द्यावे. दुपारचे जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचे साडेसातनंतर. अधल्या मधल्या वेळी लहान गावात काही मिळत नाही.

ज्यांच्या कष्टावर हा प्रदेश आज उभा आहे त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. आल्केवाच्या पाण्यावर बेजाभोवती ऑलिव्हच्या दाट लागवडी झाल्या, तर किनाऱ्याकडे ओदेमिराला बेरीफळांची हरितगृहे उभी राहिली आणि तिथे काम करणाऱ्यांत भारत, नेपाळ आणि बांगलादेशातून आलेले हजारो लोक आहेत. दाटीवाटीच्या निवाऱ्यांमुळे त्यांची राहण्याची अवस्था मध्यंतरी देशभर चर्चेचा विषय झाली होती. गावातल्या किराणा दुकानात कोणी पंजाबी किंवा नेपाळी माणूस दिसला तर दोन शब्द बोलावेत. त्या प्रांताची आजची गोष्ट त्याच्याकडून जितकी कळते तितकी वाइनच्या माहितीपत्रकातून कळत नाही.

सह्यवाट

थोडा विरोधी सूर लावतो. रांजणातली वाइनच पाहायची असेल तर जॉर्जिया का नाही? तिथली पद्धत कितीतरी जुनी आहे आणि युनेस्कोने २०१३ मध्ये तिची दखल घेतली आहे. सालींसह आंबवलेल्या पांढऱ्या वाइनसाठी स्लोव्हेनियातील गोरिश्का ब्र्दा आहे, निसर्ग हिरवागार, गावे टेकड्यांवर. अलेन्तेजो म्हणजे मैलोगणती सपाट, तपकिरी माळ. शिवाय गावकऱ्यांची घरगुती रीत आता बाटल्यांत भरून महाग विकली जात असेल, तर तिच्यात खरेपणा किती उरला?

पूर्वाई

जॉर्जियाला जरूर जावे. त्यांचे रांजण जमिनीत पुरलेले असतात, त्यामुळे तापमान आपोआप स्थिर राहते, तर अलेन्तेजोचे जमिनीवर उभे असतात आणि म्हणून माणसाला सतत राखण करावी लागते. ब्र्दाच्या रेबुला द्राक्षाची वाइनही मला आवडते. पण या तिघांत चढाओढ लावण्याचे कारण मला दिसत नाही.

माळाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. तो नुसता माळ नाही. विरळ ओकची झाडे, खाली गवत, त्यात चरणारी मेंढरे आणि डुकरे, अशी शतकानुशतके माणसाने राखलेली ती व्यवस्था आहे. बुचाच्या ओकची साल नऊ वर्षांतून एकदाच उन्हाळ्यात काढतात, आणि सोललेल्या लालसर खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतात, म्हणजे पुढची पाळी चुकत नाही. लावलेल्या झाडाची बाटलीच्या बुचाला योग्य अशी साल मिळायला चाळीसेक वर्षे जातात. म्हणजे लावणारा ती आपल्या मुलानातवंडांसाठी लावतो. जगातील सुमारे निम्मे बूच पोर्तुगालमधून येते आणि त्यातले बहुतांश याच माळावरचे असते.

बाटल्यांचा प्रश्न रास्त आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास सहकारी वाइनरी निघाल्या, बोर्बाची १९५५ मध्ये, आणि घरोघरी द्राक्षे रांजणात घालण्यापेक्षा ती सहकारी संस्थेला विकणे परवडू लागले. रांजण अंगणात फुलझाडांसाठी गेले. आज बाटलीला भाव मिळतो म्हणून ते पुन्हा भरले जात आहेत आणि तरुण मुले जुन्या कोरडवाहू बागा उपटण्याऐवजी राखत आहेत. मला हे खोटे वाटत नाही. बाटलीतली ताल्या वाइन लिस्बनमध्येही मिळेल. पण रांजणातून थेट पेल्यात येणारी, वसंत ऋतू येईपर्यंत संपून जाणारी वाइन त्या गावांतील तळघरांत आणि खाणावळींतच मिळते, आणि तिचा दर आजही साधाच आहे.

जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. व्हिला दे फ्रादेशला या वाइनचे माहिती केंद्र आहे आणि गावाबाहेर साओं कुकुफाते या रोमन वाड्याचे भव्य अवशेष आहेत. सकाळ तिथे घालवून दुपारी जेवायला बसावे. संत मार्टिनच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात, तेव्हा शेंगेन व्हिसाचा अर्ज करण्याआधीच मुक्काम ठरवून ठेवावा. संध्याकाळी थंडी बोचते, गरम कपडे न्यावेत. आणि खाणावळीत एखाद्या टेबलावरची माणसे वाद्यांशिवाय संथ लयीत गाऊ लागली तर बोलणे थांबवून ऐकावे. ते कांते आहे, मजुरांचे समूहगान, २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत असलेले. एक जण ओळ उचलतो, दुसरा वरच्या पट्टीत जोड देतो आणि मग सगळे टेबल त्यात येते.